अकरा अक्षरं आणि एक रेघ

परशुरामकाकांना ब्रशला टोक काढायचं असलं की ते तो तोंडात घालत. तोंडात आधीपासून पान-तंबाखू असे. ब्रश बाहेर यायचा तेव्हा त्याला टोक आलेलं असायचं, आणि टोकाबरोबर आणखीही बरंच काही आलेलं असायचं. मग तो माझ्यापुढे धरून काका म्हणत, "घे. लिव."

मी चिनी लिहायला शिकलो ते असं. लोक भाषेच्या प्रेमात पडून भाषा शिकतात म्हणे. माझी आणि चिनी भाषेची पहिली भेट ओली होती आणि तिला कात-चुन्याचा वास होता.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. सव्वीस वर्षं मालवाहू बोटींवर खलाशी होते. लग्न केलं नाही. वेंगुर्ल्याला बंदराच्या रस्त्यावर आमचं घर आहे, त्याच्या पडवीत त्यांची खाट, खाटेखाली थुंकायचा डबा. डबा एकेकाळी बेबी पावडरचा होता. अजून त्यावर गुटगुटीत बाळ हसतं. त्या बाळाबद्दल मला फार वाईट वाटतं.

परवाच्या गणपतीत, विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, काकांना झटका आला. पाय वाचले, बोलणं वाचलं, उजवा हात गेला. म्हणजे हात जागेवर होता, पण खुंटीला कोट अडकवावा तसा खांद्याला नुसता अडकवलेला. हॉस्पिटलातून घरी आल्यावर माणूस देवाला नमस्कार करतो, चहा मागतो. काकांनी मला हाक मारली.

"सुशांत, तुजा अक्षर बरा आसा मा?"

"बरा आसा. कित्या?"

"लिमाक पत्र लिवचा आसा."

लिम हे प्रकरण आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. काका तरुण असताना त्यांच्या बोटीवर पेनांगचा एक चिनी खलाशी होता, तो लिम. एकदा बोटीची बाजू रंगवताना लिमचा पाय घसरला. काकांनी वरून वाकून उजव्या हाताने त्याचा पट्टा पकडला आणि बाकीचे धावत येईपर्यंत सोडला नाही. त्या वेळी काकांच्या डाव्या हातात चहाचा कप होता. चहा सांडला नाही. ही गोष्ट सांगताना काका लिमपेक्षा चहाबद्दल जास्त बोलतात.

तेव्हापासून दर वर्षी चिनी नववर्षाच्या आधी काका लिमला पत्र पाठवतात. पत्र चिनीत असतं, कारण लिमने त्यांना लिहायला शिकवलं होतं. बोटीच्या तापलेल्या डेकवर पाण्यात बोट बुडवून तो अक्षर काढायचा. जी रेघ आधी काढली ती आधी वाळायची, म्हणून रेघांचा क्रम चुकला की लगेच कळायचं. असं करत काका एकूण अकरा अक्षरं शिकले. एवढ्यावर त्यांचं समाधान झालं. पत्र दर वर्षी तेच: मी बरा. समुद्र बरा. हात बरा. तू बरा? मासे भरपूर खा.

उत्तरादाखल लिमचंही दर वर्षी एक पत्र येई. त्यात मुख्य चौकशी हाताची. आणि सोबत सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, आंबवलेली काळी वडी, जी आई चिमट्याने धरून परसात पुरते.

"काका," मी म्हटलं, "हात गेलो म्हणून कळवया मा. इंग्रजीत लिवतंय. दोन ओळी."

काकांनी हनुवटीने उजव्या हाताकडे दाखवलं.

"ह्याच हातान तेका वर काढलो. हात गेलो म्हणून कळला तर तो परत पडतलो."

लिमला हृदयविकार होता, हे मलाही ठाऊक होतं. डाव्या हाताचं अक्षर लिमने लगेच ओळखलं असतं, तेव्हा ठरलं असं की मी काकांसारखं लिहायला शिकायचं आणि लिमला काही कळू द्यायचं नाही. नववर्षाला साडेचार महिने होते. अक्षरं अकरा. मला वाटलं, महिन्याला तीन.

मी दिवसा काजूच्या फॅक्टरीत ग्रेडिंगला बसतो. अख्खा काजू इकडे, पाकळी तिकडे, तुकडा पलीकडे. काजूच्या टरफलाचं तेल लागून बोटांची सालं निघतात. ती सालं घेऊन मी संध्याकाळी घरी यायचो आणि काकांच्या खाटेशेजारी मांडी घालायचो. डाव्या हातात लाकडी पट्टी घेऊन काका तयार असत.

"हात लिव."

हात हे अक्षर मी डोळे मिटूनही सांगेन. डोक्यावर एक तिरकी रेघ, तिच्याखाली दोन आडव्या, आणि त्या सगळ्यांतून एक उभी, खाली गळासारखी वाकलेली.

"आधी उभी," काका म्हणत. "मगे तिरकी. मगे आडवे. आडवे शेवटाक. डोक्यावरची रेघ शेवटाक ओढतत."

मी आधी आडवी ओढली की पट्टी बसायची.

"मेल्या, क्रम. क्रमात सगळा आसा."

कागद संपला की फरशीवर पाण्याने. पाणी नसेल तर काकांना त्याची अडचण वाटत नसे, बोट जिभेला लावलं की काम झालं. सगळ्यात वाईट म्हणजे जेवताना. बांगड्याचं तिखलं संपवून झालं की ते डाव्या हाताने, उरलेल्या रशात, ताटातच अक्षर काढून दाखवत. लाल समुद्र. लाल हात. मधोमध बांगड्याचा काटा. मग ताट माझ्याकडे सरकवून, "आता तू काड."

"भावोजी, ता उष्टा आसा," आई म्हणायची. माझी आई सुगंधा दिरासमोर यापेक्षा जास्त बोलत नाही. चेहऱ्याने बोलते.

"शिकताना उष्टा-बिष्टा नसता गो."

मी काढायचो. माझ्या आयुष्यातली चिनी भाषेची पहिली वीस पानं तिखल्यात लिहिलेली आहेत. ती घासून टाकली हे बरं झालं.

तीन महिन्यांत अकराही अक्षरं बसली. काकांची खास गोष्ट म्हणजे शेवटची रेघ. एका ओळीतली सगळी अक्षरं लिहून झाली की राहिलेल्या आडव्या रेघा ते सुट्या सुट्या ओढत नसत. ब्रश परत तोंडात घालायचे आणि ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात एकच रेघ ओढायचे. जुनी पत्रं मी बघितली. पत्र मिळालं की लिम पोच म्हणून त्याचा फोटो पाठवायचा. दोरीवर मोरी माशाच्या कापा सुकत घालाव्या तशी ती अक्षरं रेघेला लटकत होती.

मला वाटलं, चिनी असंच असतं.

डिसेंबरात फॅक्टरीत दुपारच्या सुट्टीत मी मोबाइलवर सहज एक चिनी शिकवण्याचं ॲप उतरवलं. हात हे अक्षर शोधलं. पडद्यावर एक काळी रेघ आपोआप उमटली. तिरकी. मग आडवी. मग दुसरी आडवी. उभी सगळ्यात शेवटी.

मी दुसरं अक्षर बघितलं, तिसरं बघितलं. आधी आडवी, मग उभी. मग अकराही बघितली. काकांचं एकही बरोबर नव्हतं. क्रमात सगळा आसा म्हणणाऱ्या माणसाचा क्रम पहिल्यापासून शेवटपर्यंत उलटा होता, आणि त्याच्यासाठी मी तीन महिने पट्ट्या खाल्ल्या होत्या. खरं तर पट्ट्यांचं काही नाही. मी ताटात लिहिलं होतं. दुसऱ्याच्या ताटात.

हे सगळं कुठून आलं तेही लगेच कळलं. काकांना शाळेत आमच्याच गल्लीतल्या गुरुजींनी शिकवलं होतं: आधी अक्षर, मग काना, डोक्यावरची रेघ सगळ्यात शेवटी, आणि ती एका दमात. गुरुजींनी ते छडीने शिकवलं. लिमने डेकवर पाण्याने शिकवलेलं त्या छडीपुढे काय टिकणार? काका चाळीस वर्षं चिनी अक्षरं मराठीत लिहीत होते.

त्या दिवशी मला काकांची इतकी शिसारी आली की त्यांना काही सांगावंसंही वाटलं नाही. मी ठरवलं, लिहायचंच आहे तर नीट लिहायचं. सावंतवाडीहून नवा ब्रश आणला, जो कोणाच्याही तोंडात गेला नव्हता. वाटीत स्वच्छ पाणी घेतलं, आणि ॲप समोर ठेवून पंधरा दिवस सराव केला. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पत्र लिहिलं. अकरा अक्षरं, प्रत्येक रेघ जिथल्या तिथे, ज्या क्रमाने जगात लिहितात त्या क्रमाने. लटकणारी दोरी नाही. डाग नाही. आमच्या घरातून बाहेर पडलेली ती पहिलीच स्वच्छ वस्तू असावी.

काकांना मोतीबिंदू आहे. त्यांनी कागद नाकाशी धरला.

"माका नुसता काळा काळा दिसता," ते म्हणाले. "बरा आसा मा?"

"एकदम."

"वास येणा नाय."

"नवी शाई आसा."

मी पोस्टात जाऊन रजिस्टर केलं.

फेब्रुवारीत पेनांगहून पाकीट आलं. नेहमीचं लाल नव्हतं, पांढरं होतं. वडी नव्हती. आत उदबत्त्यांचा एक पुडा, बिस्किटांचा एक डबा आणि इंग्रजीत पत्र. पत्र लिमच्या नातीचं होतं. नाव हुई मिन. मी ते काकांना मराठीत वाचून दाखवायला सुरुवात केली आणि दुसऱ्या ओळीवर थांबलो.

"वाच मरे," काका म्हणाले.

"परशुराम यांच्या कुटुंबीयांस," मी वाचलं, "आमच्या सगळ्यांकडून सांत्वन."

"कोण मेलो?"

"तुमी."

काकांनी डाव्या हाताने उजवा हात उचलून मांडीवर नीट ठेवला. "पुढे वाच."

हुई मिनने लिहिलं होतं की तुमचं पत्र मिळालं. आजोबांनी कागद उजेडाला धरला. बराच वेळ बघितला. मग हुंगला. मग म्हणाले, हे कोणीतरी नीट लिहिलंय. परशुराम गेला. त्यानंतर ते दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांच्या रीतीप्रमाणे देवळात परशुराम यांच्यासाठी कागदी वस्तू जाळल्या, म्हणजे त्यांना तिकडे मिळतील. सोबत फोटो आहे.

फोटोत कागदाची एक छोटी बोट होती, कागदाचा शर्ट होता, आणि कागदाचा फ्रिज होता. फ्रिजचं दार उघडं होतं. आत कागदाचे मासे मांडलेले होते.

काकांनी फोटो डोळ्यांजवळ नेला.

"फ्रिज केवढो?"

"मोठो दिसता. दोन दारांचो."

"आपल्याकडे एका दाराचो आसा," काका म्हणाले. आई आतून ऐकत होती.

मग ते माझ्याकडे वळले. "सुशांत, तू काय केलंस?"

मी सांगितलं. ॲप सांगितलं, क्रम सांगितला, नवा ब्रश सांगितला. अंगात जी शिसारी होती ती सगळी सांगताना बाहेर आली. "काका, तुमचो क्रम चुकीचो आसा. पयल्यापासून. सगळो."

"माका म्हायत आसा."

"म्हायत आसा?"

"लिम सांगून सांगून दमलो. डेकार माजी रेघ सगळ्यात शेवटी वाळायची आणि तो डोक्यार हात मारून घेयचो. मगे एक दिवस म्हणालो, ऱ्हवांदे. ही रेघ दिसली की तू आसस ह्या कळता." काकांनी फोटो माझ्याकडे सरकवला. "आणि तू ती काडून टाकलंस."

मी त्यांच्या खाटेखालच्या डब्याकडे बघितलं. डब्यावरचं बाळ हसत होतं. पहिल्यांदाच मला त्याचा राग आला.

पाकिटावर हुई मिनचा नंबर होता. मी तिला मेसेज केला की परशुराम जिवंत आहेत. मेसेज पाठवण्याआधी सहा वेळा लिहिला, कारण मेलेल्या माणसाबद्दल चांगली बातमी कशी द्यायची हे बी.कॉम.ला नव्हतं. तिने लगेच उत्तर दिलं: आनंद झाला, पण आजोबा विश्वास ठेवत नाहीत. मी विचारलं, फोटो पाठवू? व्हिडिओ कॉल करू? ती म्हणाली, हल्ली मशीन मेलेल्या माणसांनाही बोलायला लावतं, त्यांनी टीव्हीवर बघितलंय. ते म्हणतात, खरा असेल तर रेघ पाठवेल.

व्हिडिओला काकाही तयार नव्हते. व्हिडिओत हात दिसला असता.

मी विचारलं, रेघेत नेमकं काय बघतात?

हुई मिनने आजोबांना विचारलं. मग लिहिलं: रेघ सगळ्यांवरून शेवटी गेलेली असते. आणि तिला तपकिरी रंग असतो. आणि वास असतो. आजोबा म्हणतात, तो त्याचा आहे.

आता अडचण अशी होती की तो रंग आमच्याकडे उरला नव्हता. जानेवारीत डॉक्टरांनी काकांच्या तोंडात पांढरा डाग बघितला आणि सांगितलं की आता तंबाखू खाल्लात तर पुढची अपॉइंटमेंट माझ्याकडे नाही. काका बोटीवर वादळाला भ्यायले नाहीत, पण या वाक्याला भ्यायले. त्याच दिवशी पान सुटलं. आईने पानाची चंची उंच फळीवर ठेवली. काकांच्या तोंडात आता फक्त लवंग असायची. त्यांनी एकदा ब्रश तोंडात घालून बघितला. रेघ काळीच आली. हुंगली तर तिला दंतमंजनाचा वास होता.

आम्ही तिघं पडवीत बसलो. आई, काका आणि मी. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. ब्रशला चहा लावून बघितला. पिवळट डाग आला. कात भिजवून बघितला, रंग जवळपास आला, पण वास नव्हता.

"भावोजींका खावक देवचा नाय," आई शेवटी म्हणाली. "डॉक्टरान सांगल्यान आसा."

"मी खय मागतंय," काका म्हणाले.

मग दोघांनी माझ्याकडे बघितलं.

मी पंचवीस वर्षं पान-तंबाखूला तोंड लावलं नव्हतं. मी दुसऱ्याच्या पेल्यातलं पाणी पीत नाही. देवळातलं तीर्थसुद्धा पुजाऱ्याचं बोट बुडलेलं दिसलं तर डोक्याला लावून सोडून देतो. आईने फळीवरून चंची उतरवली. पान काढलं, चुना लावला, कात घातला, तंबाखू काकांच्या सांगण्यावरून मोजून घातला. माझ्या आईने मला आजवर भरवलेल्या घासांत हा सगळ्यात हळुवारपणे भरवलेला घास होता.

"गिळू नको," काका म्हणाले. "गालात धर."

गाल भाजला. कान गरम झाले. जिभेवर काहीतरी चालत गेलं आणि परत आलं. पडवी हलकेच डावीकडे कलली. मी म्हटलं, "काका, बोट हलता." ते म्हणाले, "हलांदे. लिव."

ब्रश जुनाच होता, त्यांचा. तो वासावरूनच ओळखता येत होता. चाळीस वर्षं ज्या तोंडात गेला ते तोंड समोर बसलं होतं आणि माझ्याकडे आशेने बघत होतं. मी तो तोंडात घातला.

त्याबद्दल मी एवढंच लिहीन की तो मऊ होता.

आधी उभी, मग तिरकी, आडव्या शेवटी. जे ॲपने पुसून टाकलं होतं ते हाताने आपोआप काढलं. पट्टी लागलेली होती ना. मी बरा. समुद्र बरा. हात बरा. तू बरा? मासे भरपूर खा. सगळी अक्षरं अर्धवट, डोक्याविना बसलेली. मग ब्रश परत तोंडात घातला, गालातला रस टोकावर घेतला, आणि काकांनी डावा हात माझ्या मनगटाखाली धरला.

"थांबू नको. एका दमात."

पहिल्या ओळीवरून ओढली. दुसऱ्या. तिसऱ्या. रेघ काळी सुरू झाली आणि टोकाला जाता जाता तपकिरी झाली. शेवटच्या ओळीवर माझ्या तोंडातून एक थेंब पडला, माशाच्या अक्षराच्या बाजूला. मी पुसायला गेलो.

"ऱ्हवांदे," काका म्हणाले. "माजे पण पडत."

त्यांनी कागद नाकाशी धरला. डोळे मिटले. पुढचं मी बघू शकलो नाही, कारण तोवर मी परसात होतो, सुंगटांच्या वड्या पुरल्या आहेत त्या जागेवर ओणवा. आई पाठीवर हात फिरवत होती आणि दुसऱ्या हाताने स्वतःचं नाक धरून होती.

पत्र पोहोचायला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत काका रोज विचारत, "उत्तर इला?" मी म्हणत असे, "नाय." लवंग संपली की ते दुसरी घेत.

पाडव्याच्या आधी हुई मिनचा मेसेज आला. सोबत एक फोटो. एक म्हातारा माणूस, बनियनवर, खुर्चीत. दोन्ही हातांनी कागद नाकाला लावलेला, त्यामुळे चेहरा दिसत नाही. फक्त कान आणि केस. खाली तिने लिहिलं होतं: आजोबांनी आज दोन वेळा भात मागून घेतला. म्हणतात, तोच आहे. लवकरच वडी पाठवतोय, या वेळी मोठी.

आईने "मोठी" ऐकलं आणि कुदळ कुठे आहे ते बघायला गेली.

अजून एक ओळ होती. ती मी काकांना वाचून दाखवली. आजोबा म्हणतात, जाळलेलं परत आणता येत नाही. तुझा फ्रिज पुढे गेलाय, तो तुझाच. घाई करू नकोस.

काकांनी उजवा हात मांडीवर सारखा केला, जसा कोणी पाहुणा नीट बसवावा.

"तेत मासे घातल्यानी मा?"

"होय. कागदाचे. भरलेलो आसा."

काकांनी नाक वर ओढून तोंड वाकडं केलं, इतकं की मी त्यांचाच पुतण्या आहे याबद्दल कोणाला शंका राहिली नसती.

"थंय लाइट आसता काय विचार तेका," ते म्हणाले. "माका जावक वेळ आसा. तवसर मासे कुसतले."